मोटारीचं माहेर

"गुरांचे डॉक्टर? म्हणजे खरोखरचे, गुरांचेच?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जुन्नरात खोली शोधत हिंडत होतो तेव्हाची ही गोष्ट. पहिलीच नेमणूक. आणि गुरांचा डॉक्टर म्हटलं की घरमालकांचे चेहरे पडायचे. एकाने तर माझ्या बुटांकडे बघतच सांगितलं, की खोली आत्ताच दिली. लेण्याद्रीच्या रस्त्याला, गाव संपता संपता, एका घराच्या माडीवर खोली आहे असं कळलं म्हणून तिथं गेलो. दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगात बनियन होता, खाली खाकी पँट, आणि घरात असूनही पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप लावलेली. पुढे कळलं, की ती क्लिप फक्त झोपताना निघते.

मी कबूल केलं, की हो, गुरांचाच.

तसा त्यांनी माझा हात धरला आणि आत ओढतच नेलं. "अगं ए, भाईर ये! टायरवाल्या डॉक्टरच्या धंद्यातला माणूस आलाय!"

मला काही कळेना. मग त्यांनी मला खुर्चीत बसवून सांगितलं. पूर्वी सायकलींना भरीव रबराची चाकं असायची, बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची. तेव्हा आयर्लंडात राहणारा एक गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या पोराची तीनचाकी सायकल फार आदळायची. त्याने रबराची नळी करून, तिच्यात हवा भरून चाकावर चढवली. तो पहिला हवेचा टायर. आज जगात जेवढ्या मोटारी, ट्रक, एस.ट्या धावतात, त्या सगळ्या त्या पोराच्या सायकलीच्या टायरवर धावतात.

"तुमच्या खात्याला म्हाईत हाय का हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खात्यात कोणी बोललं नाही.

"बोलायचे न्हाईत. खोली तुमची."

पुढे कधीतरी मी पुण्यात एका पुस्तकात वाचलं, की हवेच्या टायरची कल्पना त्याच्याही आधी कोणाला तरी सुचली होती. मी ते मुद्दाम येऊन सांगितलं.  ते म्हणाले, "सुचली आसंल. पण चाकात हवा भरून पोराला बसवलं डॉक्टरानं." आणि विषय संपला.

त्यांना सगळे सरच म्हणायचे. सरकारी आय.टी.आय.मध्ये ते मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवायचे आणि पुढे मुदतीच्या आधीच निवृत्त झाले. पण तालुक्यात त्यांची ओळख 'सायकलवाले सर' अशीच होती. मोटारी शिकवणाऱ्या माणसाला सायकलवाले का म्हणतात, ते त्यांच्या घरात पाऊल टाकलं की कळायचं. पडवीत सायकली, बैठकीच्या खोलीत भिंतीला टांगलेल्या सायकली, माडीच्या जिन्याखाली सुटी चाकं. देवाच्या जागी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्या बरोबर खाली गर्द हिरव्या रंगाची, लढाईच्या आधीची, विलायती सायकल. ती भिंतीला नसायची, स्टँडवर उभी असायची. बाकीच्यांना कोणीही हात लावला तर चालायचं, हिला नाही.

त्यांचा सिद्धान्त असा, की मोटार ही सायकलीची लेक. हे ते वर्गात शिकवायचे, लग्नात सांगायचे, मयतीला गेले तरी परतीच्या वाटेवर सांगायचे. आरे लावलेलं हलकं चाक सायकलीचं. चाकातले छर्रे सायकलीचे. चेन सायकलीची, पहिल्या मोटारींची चाकं चेननेच फिरत. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं आणि आतल्याला कमी, त्यासाठी मोटारीच्या मागच्या दांड्यात जो गिअरचा डबा असतो, तोसुद्धा आधी तीनचाकी सायकलीवर बसला आणि मग मोटारीत गेला. मोटारींचे कितीतरी कारखाने आधी सायकलींचे कारखाने होते. "आन रस्ते?" ते विचारायचे. "गुळगुळीत रस्ते पायजेत म्हणून सायकलवाल्यांनी आरडाओरडा केला, तवा मोटार जन्मालाबी आली नव्हती. आईनं रस्ता झाडून ठिवला, लेक त्याच्यावरनं मिरवत गेली. मोठ्या घरी पडली ना, आता माहेराची वळख देत न्हाई."

आय.टी.आय.त पहिल्या दिवशी पोरं डिझेल इंजिनाची स्वप्नं घेऊन यायची आणि सर वर्गात सायकल ढकलत आणायचे. चाकाचा आउट काढता आल्याशिवाय, म्हणजे वाकडं फिरणारं चाक आरे ताणून सरळ करता आल्याशिवाय, इंजिनाला हात लावायचा नाही. पोरं कुरकुरायची, "सर, आमी काय पंचरवाले व्हायला आलोय का?" सर म्हणायचे, "पंचरवाला व्हायची लायकी आली, की सांगतो." प्राचार्यांकडे तक्रारी गेल्या. प्राचार्यांनी त्यांना बोलावून समजावलं, की अभ्यासक्रमात सायकल नाही. सरांनी शांतपणे विचारलं, "अभ्यासक्रमात चाक हाय का?" पुढच्या वर्षीही वर्गात सायकल होती.

माझ्या मोटारसायकलीचा टायर ते रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघायचे. "तुमच्या डॉक्टरची हवा बरोबर हाय," असं सांगितलं की मी निघायला मोकळा. भीमाशंकरला ते वर्षातून एकदा सायकलने जायचे. घोडेगाव, डिंभे असा तो सगळा चढ. मी विचारलं, "सर, तुम्ही ज्योतिर्लिंगाला?" ते म्हणाले, "देवाला न्हाई, उताराला जातो. येताना जो उतार लागतो ना डॉक्टर, तेवढ्यासाठी." आणि डोळे मिटून त्यांनी हाताने तो सगळा उतार हवेत काढून दाखवला.

पण त्यांच्या वेडाची खरी कीर्ती होती ती एका गोष्टीसाठी. ते मोटारीत बसत नसत. जीप नाही, टॅक्सी नाही, कोणाची नवी गाडी आली आणि मालकाने कितीही आग्रह केला तरी नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "लेकीच्या घरचं पाणी पीत नसतो आपण."

"मग एस.टी.त कसे बसता?"

"एस.टी. सरकारची. ती कुणाची लेक न्हाई."

"आणि माझ्या मोटारसायकलीवर?"

"ती अजून घरातच हाय. दोन चाकं कुठं सोडलीत तिनं?"

एकदा त्यांच्या पुतण्याचं लग्न मंचरला होतं. सगळं वऱ्हाड जिपांतून निघालं, आणि सर सायकलवर, पहाटेच. कळंबच्या अलीकडे एक जीप पंक्चर होऊन उभी. स्टेपनीतही हवा नाही. नवरदेव त्याच जिपेत. सर मागून येत असते तर प्रश्न नव्हता, पण ते पुढे जाऊन एका हॉटेलात भजी खात बसले होते. त्यांना निरोप गेला, ते उलटे आले. कॅरिअरची पिशवी काढली, टायर उतरवला, ट्यूबला ठिगळ लावलं, पंपाने हवा भरली. जिपेला सायकलच्या पंपाने हवा भरायची म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. घामाघूम झाले. नवरदेव हात जोडून म्हणाला, "नाना, आता तरी बसा." सर म्हणाले, "व्हा पुढं," आणि सायकलवर टांग टाकली. ही गोष्ट मला त्यांच्या बायकोने सांगितली. शेवटी म्हणाल्या, "लेकीच्या घरचं पाणी पेत न्हाईत, पण लेकीचं पंचर काढत्यात."

काकू अशाच होत्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की सरांना पान्हा शोधायला आत जावं लागायचं.

त्या हिरव्या सायकलीबद्दल मी बरेच दिवस विचारलं नाही. एका दुपारी निमगाव सावाहून एका गाईचं अवघड बाळंतपण उरकून आलो, तर सर पडवीत त्या सायकलीला तेल देत बसले होते. मी पायरीवर टेकलो आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं.

ती त्यांच्या वडिलांची. वडील लढाईच्या काळात फौजेच्या मोटारींच्या वर्कशॉपमध्ये होते. लढाई संपली तसा तिथला गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना ही सायकल त्यांना देऊन गेला. वडील ती घेऊन आंबेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी आले. आले, पण वेशीपाशी खाली उतरले. उतरावं लागायचं. त्यांच्या समाजाच्या माणसाने गावातून सायकलवर बसून जायचं नाही. वेशीपासून दुसऱ्या टोकापर्यंत हातात धरून चालायचं, आणि गाव संपलं की बसायचं.

"लई वर्सं असंच," सर म्हणाले. "मिल्ट्रीच्या मोटारी दुरुस्त केल्याला माणूस, आन गावात सायकल धरून चालायचा, जशी काय शेळी बाजारला न्हेतोय. मग छप्पन साल आलं. धम्म घेतला. त्याच्यानंतर एक दिस आप्पांनी मला म्होरं दांडीवर घेतलं, आन वेस आली तरी उतरलेच न्हाईत."

"मग?"

"मग काय. घंटी वाजवीत निघालो. पारावर मानसं बसल्याली. एक म्हातारा उठला, म्हनला, आरं उतर की! आप्पा म्हनले, दादा, ब्रेक धरत न्हाईत!"

सर इतके हसले, की तेलाचा डबा कलंडला. "दुसऱ्या दिशीबी ब्रेक धरले न्हाईत. तिसऱ्या दिशीबी न्हाईत. मग गावाला सवय झाली. तो म्हातारा पुढं सोताच विचारायचा, काय रं, ब्रेक झालं का नीट? आप्पा म्हणायचे, सामान मिळंना, दादा."

मग हसू ओसरल्यावर ते त्या सायकलीच्या ब्रेककडे बघत म्हणाले, "हिचं ब्रेक लई ग्वाड लागत्यात, डॉक्टर. तवाबी लागायचे."

त्यानंतर मला त्यांच्या सिद्धान्ताचं हसू आलं नाही असं नाही. पण त्या सायकलीजवळून जाताना मी जरा बाजूने जाऊ लागलो.

सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. जुन्नरच्या कॉलेजातून बी.ए. झाली, नोकरी मिळेना. तिचा मामा पिंपरीला असायचा, त्याने नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी व्हॅन बहिणीच्या दारात आणून लावली. सुजाताने नारायणगावला जाऊन गाडी शिकून घेतली, परवाना काढला, आणि घरात जाहीर केलं, की गोळेगाव आणि आसपासच्या वाड्यांतली पोरं ती व्हॅनने शाळेत आणणार, सोडणार. नव्वदीच्या शेवटाला आमच्या भागात बाईने गाडी चालवणं म्हणजे लोक हातातलं काम सोडून बघायचे.

सरांची याला काही हरकत नव्हती. हरकत होती ती, ती कोणाकडे शिकली याला. शिकवणारा सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. "त्याला चाकाचा आउट काढता येत नव्हता. तो काय गाडी शिकवणार?" असं म्हणून त्यांनी तिला पुन्हा सगळं शिकवलं. बाहेर उभं राहून. खिडकीतून वाकून. ती हळूहळू गाडी चालवायची आणि सर शेजारून सायकलवर सूचना देत जायचे. पोरगी म्हणायची, "आबा, आत बसून सांगा की." सर म्हणायचे, "हितनं बी ऐकू येतंय तुला."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सुजाता रोज सकाळी व्हॅन धुऊन, वेणी घालून निघायची, आणि रिकामी व्हॅन घेऊन परत यायची. लोक तोंडावर 'बघू, बघू' म्हणायचे आणि पोरांना चालत पाठवायचे. तरी ती जायची. दारांपुढे थांबायची, हॉर्न वाजवायची, वाट बघायची, पुढे जायची. सर पडवीत छर्रे निवडत बसायचे आणि व्हॅन वळली की मान वर न करता कान द्यायचे. रिकाम्या गाडीचा आवाज त्यांना कळायचा.

मला कारण गोठ्यांत कळलं. गुरांच्या डॉक्टरसमोर माणसं मोकळी बोलतात. दोन्ही हात त्यांच्या म्हशीत अडकलेले असतात, तो कुठं जाणार? बाईच्या हातात पोर कसं द्यायचं, हे एक कारण. दुसरंही एक होतं, ते कोणी उघड बोलत नव्हतं, पण 'कुणाची हो ती गाडी?' असं विचारायची एक तऱ्हा असते, त्यात ते यायचं. आणि तिसरं कारण मला गोळेगावच्या एका शेतकऱ्याने, काही खोट मनात नसताना सांगितलं.

"डॉक्टर, तुमीच सांगा. तिचा बाप मोटारीचा मास्तर. उभ्या जन्मात तो मोटारीत बसला न्हाई. त्याला काय ठावं असंल म्हणूनच ना? मग आमी आमची पोरं कशी बसवायची, राव?"

मी ते सरांना सांगितलं. सांगू की नको, असं झालं होतं, पण सांगितलं. ते ताटलीत छर्रे निवडत होते. हात थांबला.

"असं म्हनला?"

"हो."

"माझ्यामुळं?"

 आतून काकू बाहेर आल्या होत्या. सरांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "बाजार कवा हाय?"

"रविवारी," काकू म्हणाल्या. "दर रविवारी असतो त्योच. पण रविवारी शाळा नसती."

"पोरं नसत्यात. पोरांचे बाप असत्यात ना बाजारात?"

रविवारी सर आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बाहेर आले. क्लिप पँटला होतीच. सुजाता व्हॅनपाशी उभी होती. तिला काकूंनी नुसतं 'गाडी काढ' एवढंच सांगितलं होतं. सरांनी पुढचं दार उघडलं. एक पाय आत ठेवला, आणि तिथेच थांबले, जसं थंड पाण्यात उतरताना माणूस थांबतं. मग बसले. दार दोनदा आपटावं लागलं. काकू मागच्या सीटवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुमीबी चला. साक्षीला."

गाडी बाजाराच्या तोंडाशी आली. भाजीवाल्या, बैलांचे दोर विकणारे, खरेदीला आलेले गावोगावचे लोक. पहिल्यांदा कोणाचं लक्ष गेलं नाही. मग एकजण ओरडला, "आरं, सायकलवाले सर मोटारीत!" आणि माणसं वळली. सर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. सुजाताचे कान लाल झाले होते. गर्दीतून, हातगाड्यांमधून तिने गाडी अशी काढली, की एक टोपलीसुद्धा हलली नाही.

चौकात सर म्हणाले, "थांबव."

तिने गाडी थांबवली. भोवती माणसं जमलीच होती. त्यांत तो गोळेगावचा शेतकरीही होता, खांद्यावर पोतं घेऊन. सरांनी काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुजाता, पाणी दे."

तिने सीटशेजारची बाटली उचलून दिली. सरांनी झाकण काढलं आणि मोटारीत बसल्या बसल्या सगळं पाणी प्याले. घटाघट, थेंब न ठेवता. तालुक्यात त्यांचं ते लेकीच्या घरच्या पाण्याचं वाक्य ऐकलं नाही असा माणूस नव्हता.  मग कोणीतरी हसलं, ते हसू पसरलं, आणि त्यात टवाळी नव्हती. पोतं खांद्यावर असलेला तो शेतकरी खिडकीशी आला. "सर, कशी काय चालवती?"

सरांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "क्लच जरा उशिरा सोडती," ते म्हणाले. "बाकी माझ्यापरास बरी."

"मग उद्या थांबवा आमच्या दारात. दोन हायेत."

सुजाताने रस्त्यावरून नजर न हलवता विचारलं, "काका, किती वाजता?"

 सर घरी उतरले, व्हॅनला एक चक्कर मारली, चारही टायर अंगठ्याने दाबले. पुढच्या उजव्यापाशी जरा जास्त वेळ बसले. काकूंनी मला नजरेने खूण केली, की आता वर जा. मी गेलो.

दिवाळीपर्यंत व्हॅन भरली. दोन वर्षांनी दुसरी आली आणि ती चालवायलाही सुजाताने बाईच ठेवली. सर मग मोटारीत बसू लागले का? नाही. कोणी आग्रह केला की म्हणायचे, "लेकीच्या गाडीत बसतो फक्त." पण ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीचा करारीपणा नसायचा. पोरीचं कौतुक सांगायला मिळाल्याचा आनंद असायचा.

माझी बदली झाली. आधी घोडेगाव, मग लांब. मधल्या काळात चाकणकडे मोटारींचे कारखाने उभे राहिले, आंबेगाव-जुन्नरची पोरं कंपनीच्या बसमधून पाळीला जाऊ लागली. त्यांतली कित्येक सरांच्या हाताखालची. एकजण मला भेटला तेव्हा म्हणाला, "राव, आमच्या लाइनीवर गाडी येती, तवा पहिलं चाकच दिसतं. सर आठवत्यात."

पुढे एकदा लेण्याद्रीला पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. पाहुणे पायऱ्या चढून वर गेले आणि मी सरांच्या घराकडे वळलो. दाराला कडी. मागच्या बाजूने आवाज येत होता म्हणून तिकडे गेलो. घरामागे शेताच्या कडेने बैलगाडीचा सरळ रस्ता आहे. त्या रस्त्यावर काकू सायकलवर बसल्या होत्या.

बिनदांडीची, बायकांची सायकल. साडीचा काचा मारलेला, दोन्ही हातांनी हँडल असं धरलेलं जसं काही ते पळून जाणार आहे. मागे सीट धरून सर धावत होते. सत्तरीच्या पुढचा माणूस.

मला बघून सरांनी हात केला. दुसऱ्या हाताने सीट धरलेलीच होती. फेरी संपवून ते धापा टाकत माझ्यापाशी आले. "हट्ट धरलाय. म्हनली, समदी चाकं फिरली या घरातली, मीच तेवढी कॅरिअरवर."

"मग काय खोटं हाय?" काकू सायकलवरून न उतरता म्हणाल्या. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. "डॉक्टर, तुमी सांगा. ह्या मानसानं गाव शिकवलं. मला इचारलं का कधी?"

 सरांनी पुन्हा सीट धरली. सायकल निघाली. लडखडली, सावरली, मग जरा सरळ चालू लागली. थोडं पुढे जाऊन सरांनी हळूच हात सोडला आणि पाय न वाजवता माझ्याकडे परत आले.

पुढून आवाज आला, "सोडू नका हां!"

"धरलंय!" सर ओरडले.

"खोटं बोलताय. तुमचा दम ऐकू येईना मला."

सर चपापले. पण काकू थांबल्या नाहीत. वळूनही बघितलं नाही. रस्ता पुढे बांधाला वळतो, तिथे त्या वळल्या, जरा जास्तच रुंद, आणि उसाच्या आड गेल्या. घंटी तेवढी ऐकू येत राहिली, मग तीही नाही.

 सरांनी डोळ्यांवर हात धरून उसाच्या टोकाकडे बघितलं.

"तिकडं पार कालव्यापातूर रस्ता सरळ हाय," ते म्हणाले. "येती का न्हाई आज, कुनाला ठावं."

मग त्यांनी घराची कडी काढली, मला आत घेतलं आणि कुठल्या डब्यात साखर आहे ते शोधत आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर चहाला आधण ठेवलं.